मागच्या स्पीकरमधली घरघर

गाडीत भूत आहे असं मी कोणालाच म्हटलं नाही. मागचे स्पीकर घरघर करतात, एवढंच म्हटलं. सडक अर्जुनीत बाईमाणूस एकटी गाडी चालवते हेच लोकांना पचायला जड. त्यात मागच्या सीटवरून मेलेल्या नवऱ्याचा श्वास ऐकू येतो असं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दारात चार शहाणे आणि एक मांत्रिक येऊन बसले असते. माझ्याजवळ तेवढा चहा नाही आणि तेवढा धीरही नाही.

स्पीकर घरघर करत होते हे काही खोटं नव्हतं. जुनी लहान गाडी, मागच्या काचेखाली सामान झाकायचा पाटा, आणि त्या पाट्याला भोकं पाडून ह्यांनी हौसेनं बसवलेले दोन लांबट, मोठे स्पीकर. हे म्हणजे माझा नवरा. मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, आता तरी कशाला घेऊ? सगळा आवाज मागे लावून ठेवायची त्यांना सवय होती. पुढच्या दारांमध्ये गाडीबरोबर आलेले बारके स्पीकर होते, पण त्यांना ते हिशेबातच धरत नसत. म्हणायचे, "आवाज पाठीमागून आला पाह्यजे. नाटकात बसल्यावानी वाटते." नाटकात आवाज समोरून येतो, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. ऐकेल तर नवरा कसला.

दिवसभर ते राइस मिलमध्ये काट्यावर असत. धानाची पोती तोलायची, कोंड्याची धूळ गिळायची आणि संध्याकाळी भुवया पांढऱ्या करून घरी यायचं. पण दिवाळी झाली की ते मंडईचे. आमच्याकडे दिवाळी संपली की गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, नाच, रात्री नाटक. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, आणि त्या दिवशी गावच्या लग्न होऊन गेलेल्या मुली नवऱ्या-लेकरांना घेऊन माहेरी येतात. त्यासाठी आदल्या दिवशी एक गाडी छतावर भोंगे बांधून आजूबाजूच्या गावांतून आमंत्रण देत फिरते. ह्यांचं गाव केशोरीकडचं. त्या गावची गाडी म्हणजे आमचीच, आणि तिच्यातला आवाज ह्यांचा.

घरात मीठ पाहिजे असलं तर बोट दाखवणारा हा माणूस, पण माइक समोर आला की खर्जातला असा आवाज लावायचा की मीसुद्धा हातातलं काम सोडून ऐकायची. "आमच्या गावच्या लेकींनो, ज्या घरी दिल्या आहात त्या घरून निघा. धान कापनं होत राहीन. जावयाले संगं घ्या, सासूले सांगून या, पन मंडईले या." नाटकाचं नाव, कंपनीचं नाव हे ते चालत्या गाडीतून बोलत. हे आमंत्रण मात्र घरात, डोक्यावरून गोधडी घेऊन, आधीच भरून ठेवत आणि पेन ड्राइव्हवर टाकत.

आणि दर वर्षी नवं भरत. मागच्या वर्षीचं पुसून टाकत. तिकडे सगळेच असं मानतात, मंडईला शिळ्या आवाजानं बोलवू नये. मागच्या दसऱ्याचं तोरण कोणी दाराला ठेवतं का, असं सासरे म्हणायचे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आवाज काय, माणूस घरात आहे तोवर रोजचाच.

त्या शेवटच्या वर्षी त्यांनी आमंत्रण भरलं, गाडीत लावून पाहिलं आणि म्हणाले, "उजव्या बाजूचा स्पीकर गेला वाटते." मी बसून ऐकलं. शब्दांच्या खाली बारीक घरघर होती. गाणं लावलं तर तिथंही पाटा खडखडत होता, म्हणजे शंका घ्यायला जागाच उरली नाही. मग त्यांनी पाटा काढला. मिलमधून फाटका बारदाना आणला, कात्रीनं त्याच्या पट्ट्या कापल्या, स्पीकरच्या खाली घातल्या, स्क्रू पिळले, लोंबणारी तार बांधून टाकली. गाणं थोडं सुधारलं. आमंत्रण लावलं तर घरघर तशीच. परत पाटा काढला, परत बारदाना. दिवाळीच्या फराळापेक्षा त्या वर्षी माझ्या अंगणात बारदान्याचे धागेच जास्त होते. मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा तुमचे स्पीकर जास्त घोरून राह्यले." ते हसले, हसता हसता खोकले, आणि पाटा तिसऱ्यांदा उघडायला डिकीत वाकले.

मंडईचं काही अडलं नाही. छतावरच्या भोंग्याचा आवाज चिरका, खालच्या सुरातलं सगळं तो खाऊन टाकतो. घरघर ऐकायची ती गाडीत बसणाऱ्यानं.

थंडीत खोकला वाढला आणि होळीपर्यंत जिना चढताना दम लागायला लागला. छाती धुळीनं कधीचीच पोखरली होती हे डॉक्टरांनी फोटो काढल्यावर सांगितलं. उन्हाळ्यात एका सकाळी त्यांना बसवेना. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती. वाट पाहण्यापेक्षा मी आणि दिरानं त्यांना आमच्याच गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं उजव्या स्पीकरच्या खाली आलं, पाय दिरानं मांडीवर घेतले. कोहमाऱ्याच्या फाट्यावरून गोंदियापर्यंत माझ्या पाठीमागून त्यांची घरघर येत होती. मी आरशात पाहिलं नाही. आवाज येत होता तोवर मला पाहायची गरज नव्हती. गोरेगाव मागं पडलं, आवाज होता. गोंदियाच्या गर्दीत शिरलो, रिक्षावाल्यांना शिव्या देत मी वाट काढली, आवाज होता. पुढे काही दिवस तो दवाखान्यातल्या खाटेवरून येत राहिला, आणि मग आला नाही.

नंतर दोन वर्षं मी गाडी मुकीच चालवली. माझ्या नोकरीतल्या अंगणवाड्यांच्या भेटी, बैठका, बाजार. पेन ड्राइव्ह पुढच्या कप्प्यात होता, मी त्याला हात लावला नाही. मग यंदा दिवाळीच्या आधी ह्यांच्या गावचे मंडईचे अध्यक्ष घरी आले. सासऱ्यांच्या वयाचा माणूस, खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, "सूनबाई, दोन वर्स दुसऱ्याचा आवाज लावला. लेकी विचारून राह्यल्या, आमच्या भाऊचा आवाज काऊन नाही येत? तुमच्याजवळ असन तर द्या ना, बापा." शिळा आवाज चालतो का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचे डोळे भरले होते. देते म्हटलं.

खरं सांगते, त्यांच्यापेक्षा मलाच तो जास्त पाहिजे होता. ह्यांचा तेवढाच आवाज उरला होता. लग्नकार्याचे व्हिडिओ आहेत, पण त्यात मोबाइल ह्यांच्याच हातात; दिसतात सगळे, हे सोडून. बोलतात सगळे, हे सोडून.

अंगणात गाडी उभी होती. दारं बंद करून मी पेन ड्राइव्ह लावला. "आमच्या गावच्या लेकींनो" आलं, आणि त्याच्यासोबत, माझ्या उजव्या खांद्याच्या बरोब्बर मागून, ती घरघर. मी वळून पाहिलं. सीटवर अंगणवाडीतल्या लेकरांच्या वजनकाट्याची पिशवी होती. मी गाणं बंद करतात तसं बटण दाबलं आणि स्टेअरिंग धरून बसून राहिले. या माणसासोबत मी वीस-बावीस वर्षं काढली. त्यातलं आजारपण ते काय, चार महिने. मला त्याच्या आधीचा, धडधाकट नवरा ऐकायचा होता. आणि बोलावलं की येत होता तो मागच्या सीटवरचा. मरणारा माणूस सगळ्या आयुष्यावर असा आडवा पडतो, हे मला सहन होत नव्हतं. ती घरघर काढायची, बस. मग आवाज मंडईला जाऊ दे नाही तर मसणात.

दिराला बोलावलं. दीर म्हणजे उत्साहाचं पोतं. "वहिनी, हे काम माह्यावर सोडा." सोडलं. त्यानं डिकी उघडली, पाटा काढला, आणि खाली ह्यांच्या बारदान्याच्या पट्ट्या निघाल्या. कडा आत दुमडून, शिवल्यासारख्या नीट बसवलेल्या. बायकोच्या ब्लाउजचं माप चुकेल, पण पट्टीची कड चुकणार नाही असं ते काम होतं. मग त्यानं स्पीकर उलटा केला तर जाळीतून तांदूळ गळायला लागले. घरचे तांदूळ आम्ही डिकीतूनच आणायचो. पोत्यातून सांडलेले दाणे आणि कोंडा स्पीकरच्या कागदावर जाऊन बसला होता. दीर म्हणाला, "घ्या, सापडलं तुमचं भूत."

मी भूत म्हटलंच नव्हतं. तोच म्हणाला.

ब्रशनं सगळं झाडलं. नंबरप्लेट मागून खडखडत होती, तिच्याखाली रबर घातलं. सीटबेल्टचं बक्कल प्लास्टिकवर आपटत होतं, ते बांधलं. पाट्याची एक खुंटी तुटली होती, तिथं त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा भरला. गाणं लावलं. आवाज कसा स्वच्छ, ढोलकीची थाप थापेसारखी. दिरानं माझ्याकडे असं पाहिलं की आता चहा करा. मी आमंत्रण लावलं.

घरघर.

"मंग आतला कागदच फाटला असन," दीर म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता.

गोंदियाला गेले. तिथला दुकानदार कानात बोट घालून स्पीकरला टिचक्या मारणारा. "भाभी, इसकी उमर हो गई. दोनों बदल दो, झंझट खतम." बदलले. त्यानं स्वतःचं गाणं लावून दाखवलं, काचा थरथरल्या. आमंत्रण मी त्याच्यासमोर लावलं नाही. परक्या माणसापुढे नवऱ्याला कसं बोलतं करायचं? गावाबाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, दोन्ही बाजूंना धान कापणं चालू होतं, भर दुपार. लावलं.

उजव्या खांद्यामागून आली. ज्या स्पीकरनं ह्यांना कधी पाहिलं नाही, ज्याच्या खाली ह्यांचं डोकं कधी टेकलं नाही, त्याच्यातूनही आली. मी दार उघडून खाली उतरले आणि शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. कापणाऱ्या बायांनी वर पाहिलं, मला वाटेत उलटी आली असं त्यांना वाटलं असावं. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "गाड़ी पुरानी है भाभी, कुछ तो बोलेगी." चिडले की माझी हिंदी सुधारते. त्याला ती भरपूर ऐकवली.

पण गाडीत परत बसायचं होतं. आरसा मी वर छताकडे फिरवला आणि तशीच चालवली. गोरेगावजवळ, लाज वाटते सांगायला, मी मागे न पाहता म्हटलं, "बोला ना काय पाह्यजे ते. असं घरघर काऊन करून राह्यले?" पाठीमागून काही आलं नाही. काही आलं नाही याचंच जास्त भ्यायले.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून आले ती तडक डिकी उघडून आत वाकले. म्हटलं, फार झालं. दोन्ही स्पीकरच्या तारा मी स्वतःच्या हातानं उपटल्या. टोकं मोकळी सोडली. आता तोंडच नाही तर बोलशील कुठून, असं काहीतरी पुटपुटलेसुद्धा. मग पुढे येऊन बसले आणि पेन ड्राइव्ह लावला.

मागे सगळं शांत. आणि पुढच्या दारांमधून, त्या बारक्या, कोणी न मोजलेल्या स्पीकरमधून, अगदी हळू, ह्यांचा आवाज आला. मी मोठा केला. "ज्या घरी दिल्या आहात त्या घरून निघा." माझ्या गुडघ्याजवळून येत होता. आणि घरघरही तिथूनच.

मी तो परत लावला, आणि परत. आता पाठीमागं काही नव्हतं, म्हणून नीट ऐकू आलं. घरघर शब्दांवर नव्हती, शब्दांच्या मधे होती. ह्यांनी श्वास घेतला की यायची. "सासूले सांगून या" याच्या आधी ते थांबत होते. तिथं ते कधीच थांबत नसत. त्या ओळी एका दमात म्हणायच्या यातच त्यांची ऐट होती. इथे तीन तुकडे केले होते.

गाडीत काही नव्हतं. स्पीकरमध्ये काही नव्हतं. दिवाळीच्या आधी, गोधडीखाली बसून भरलेल्या आवाजातच ती होती. दवाखान्याच्या इतके महिने आधी. छाती तेव्हाच बोलत होती, मोठ्यानं, स्पीकर लावून बोलत होती, आणि आमच्या घरातला एक माणूस डिकीत वाकून बारदाना कापत होता आणि दुसरं माणूस त्याची थट्टा करत होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ना. स्वतःच्या छातीतली घरघर काढायला तो माणूस स्क्रू पिळत बसला. मला इतका राग आला की मी डॅशबोर्डवर हात आपटला. त्यांचा राग आला, मिलचा आला, दिवाळीच्या फराळाचा आला. मग रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही. शेजारीण कुंपणापाशी आली, पाहून परत गेली. तिचे उपकार.

एक गोष्ट मला अजून कळत नाही. त्यांना माहीत होतं का? आवाजाचं ज्याला इतकं कळायचं, त्याला स्वतःचा श्वास कळला नसेल का? कधी वाटतं, माहीत नसावं. नाही तर इतकं मन लावून पट्टीची कड दुमडली नसती. कधी वाटतं, माहीत होतं म्हणूनच दुमडली. विचारायला माणूस नाही, आणि जो आहे तो "सासूले सांगून या" एवढंच म्हणतो.

दिराला सांगितलं तर तो बराच वेळ नखानं सीटचं कव्हर खरवडत बसला. मग म्हणाला, "गोंदियात एक जन कंप्युटरवर आवाज साफ करून देते, वहिनी. श्वास काढून टाकते. कोनाले समजनारही नाही."

मी नको म्हटलं. आदल्या दिवशी म्हणाला असता तर धावत गेले असते. पण आता त्या घरघरीची मला भीती वाटत नव्हती. मी जिला मरणाची समजून पळत होते, ती तर मंडईचं बोलावणं देता देता आलेली होती. आवाज भरला त्या दिवशी ह्यांनी संध्याकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या. तो काढून टाकायचा श्वास माझ्या नवऱ्याचा होता. त्याच्यावर कंप्युटरवाल्याचा काय हक्क? अध्यक्षांना फोन करून सांगितलं, आवाज आहे तसा लावा आणि गाडी मी चालवीन.

मंडईच्या आदल्या दिवशी निघालो. छतावर भोंगे, शेजारी दीर, मागचे स्पीकर मी परत जोडलेले. नवेगावबांधच्या जंगलातून बाहेर पडलो आणि गावं सुरू झाली. बाया दारात येऊन उभ्या राहत. एका ठिकाणी तीन-चार जणी हातातलं काम टाकून नुसत्या ऐकत राहिल्या, एकीनं पदर तोंडाला लावला. भाऊचा आवाज, असं कोणी तरी म्हणालं. दीर खिडकीबाहेर पाहत होता. मी आरसा सरळ केला होता. मागची सीट रिकामी होती आणि ती रिकामीच दिसत होती.

केशोरीच्या अलीकडे एका गावात धानाचे भारे भरलेला ट्रॅक्टर आडवा होता. गाडी थांबवावी लागली. काच खाली होती. रस्त्याला लागून असलेल्या ओट्यावरून एक म्हातारी काठी टेकत आली आणि तिनं खिडकीत डोकं घातलं. "कोन्या गावची मंडई होय, माय?"

सांगितलं.

ती तशीच वाकून ऐकत राहिली. वर भोंगा चिरकत होता, पण तिचं लक्ष गाडीतल्या आवाजाकडे होतं. आमंत्रण संपून पुन्हा सुरू झालं, तरी ती हलली नाही. मग माझ्याकडे वळली.

"बोलनाऱ्याची छाती भरली हाये वाटते," ती म्हणाली. "घरघर करून राह्यला बिचारा. तुमचा कोन होय?"

"घरचे होत," मी म्हटलं.

"मंग दवाखान्यात काऊन नाही दाखवत?"

शेजारी दिरानं मान खाली घातली. पुढे ट्रॅक्टर सरकला होता आणि मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"दाखवतो, माय," मी म्हटलं, आणि गाडी पुढे घेतली.